आपल्या घरातले नहुश्तान : अनुभव सांगा

छावणीकर
गेल्या रविवारी उपासनेत पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) 'दुसरे राजे' या पुस्तकाचा अध्याय १८ वाचला गेला. मोशेने देवाच्याच आज्ञेवरून घडवलेल्या पितळी सापापुढे इस्राएल लोक पुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला. त्याचे नाव नहुश्तान, म्हणजे नुसते पितळ. ते ऐकताना आमच्या माळवदाच्या घरातील फडताळ आठवले. त्यात आजीचे पवित्र शास्त्र लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेले असे. कुणाला ताप आला की ते उशाखाली जाई, परीक्षेच्या सकाळी आम्ही ते कपाळाला लावत असू, पण उघडून वाचल्याचे मला आठवत नाही. आणि तरीही शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याविषयी आम्ही मोठ्या तोऱ्याने बोलत असू. इथे इतरांच्या मूर्ती नकोत, ज्याने त्याने आपल्याच घरातली सांगावी.

लातूरची आई
आमच्या बैठकीत 'ख्रिस्त या घराचा धनी आहे' अशी पाटी होती. मुलगा अकरावीत गेला तेव्हा क्लासचे वेळापत्रक लावायला जागा हवी म्हणून मी ती उतरवून पलंगाखाली ठेवली. रविवारी सराव परीक्षा असे, त्यामुळे दोन वर्षे आम्ही तिघेही उपासनेला गेलो नाही आणि पाळकसाहेब घरी आले तर मुलाच्या अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून मी त्यांना दारातूनच चहा न देता परत पाठवले. 'लातूर पॅटर्न' बाहेरच्यांना यशाचा वाटतो. माझ्या भिंतीवर मात्र खिळा तोच होता आणि धनी बदलला होता.

जालना_सलाम
ताई, आमच्याकडे तो खिळा मोबाईलमध्ये आहे. पवित्र शास्त्राच्या अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस वाचले याचा आकडा दिसतो. माझा ३१२ होता, आणि तो तुटू नये म्हणून मी रात्री बारा वाजायला दोन मिनिटे असताना एक वचन उघडून, न वाचताच झोपत असे.

बोअरवाला, बीड जिल्हा
सरसकट प्रत्येक गोष्टीला मूर्ती म्हणू नये, असे माझे मत आहे. पोटाची चिंता ही मूर्तिपूजा नव्हे. कलस्सैकरांस पत्र ३:५ मध्ये पौलाने लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे, आणि तो मी केला. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते त्या दिवसांत, आमच्या वस्तीवर फक्त माझ्या बोअरला पाणी होते. मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातले, किल्ली करदोड्याला बांधली आणि घागरीमागे पैसे घेतले. रात्री झोपेतसुद्धा हात त्या किल्लीवर जात असे.

पैठणचा शेजारी
मी वारकरी घरातला आहे, तरी लिहितो. रामेश्वराला वाहायला काशीहून कावडीने आणलेली गंगा एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. दादा, त्या कुलपाचे पुढे काय झाले?

बोअरवाला, बीड जिल्हा
पुढच्या वर्षी बोअर आटला. कुलूप अजून पेटीवरच आहे, गंजले आहे.

बेथेलची लेक
आमची मूर्ती म्हणजे वंशावळ. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, हे घरातील प्रत्येक पोराला पाठ असते. माझ्यासाठी स्थळ आले तेव्हा मामांनी मुलाची नोकरी विचारली नाही, मंडळी (चर्च) कोणती ते विचारले नाही, 'मूळचे कोण?' एवढेच विचारले. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घराला जात विचारून परत पाठवले. जेवणाआधीची प्रार्थना मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा लांब झाली.

जालना_सलाम
ताई, आमच्या घरी तो प्रश्न 'गाव कोणते?' असा विचारतात. अर्थ तोच.

लातूरची आई
छावणीकर दादा, आजी स्वतः ते शास्त्र वाचत होत्या का?

छावणीकर
ताई, तुमच्या प्रश्नामुळे आज फडके सोडले. स्तोत्रसंहितेच्या पानांचे कोपरे तेलकट बोटांनी पिवळे झाले आहेत आणि स्तोत्र ९१ चे पान तर दोऱ्याने शिवलेले आहे. आईला विचारले, तर ती म्हणाली की आजीच्या हयातीत ते चुलीजवळच्या कोनाड्यात उघडेच असे; फडके आजीच्या दफनानंतर वडिलांनी आणले होते.