मुलगा शाळेत रडला नाही, पण माझंच बिनसलंय. मदत हवी आहे

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, नुकताच शाळेत जायला लागलाय. आधीच सांगून टाकतो, मी बाबा आहे. बायकोची नोकरी बाहेरची, माझं काम घरून, त्यामुळे तो तान्हा असल्यापासून दिवसभर माझ्याकडेच. शी-शू, जेवण, झोप, पडणं-धडपडणं, सगळं.

शाळेबद्दल सगळ्यांनी घाबरवून ठेवलं होतं. रडेल, पायाला मिठी मारेल, तू मागे वळून बघू नकोस वगैरे. प्रत्यक्षात साहेब बाईंचं बोट धरून आत गेले. टाटा मी एकटाच करत होतो. बाकीची मुलं भोकाड पसरून बसलेली. त्यांचे आईबाप माझ्याकडे हेव्याने बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

घरी आलो. एक कामाचा फोन मांडीवर कुणी न चढता पूर्ण झाला. इतकं मोकळं वाटलं की त्याचीच लाज वाटली. आणि तासाभराने घड्याळाकडे बघत बसलो होतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच सकाळी.

जास्त टोचतंय ते वेगळंच आहे. आजवर त्याच्या अंगावरच्या प्रत्येक ओरखड्याचा इतिहास मला माहीत असायचा. परवा गुडघा खरचटलेला दिसला, वर कुणीतरी नीट औषध लावलेलं. विचारलं तर म्हणाला, "ते जुनं आहे." विषय संपला. कुणी पाडलं, कुणी उचललं, रडला का, काही पत्ता नाही. शाळेत काय केलं? "काही नाही." कुणाशी खेळलास? "माहीत नाही."

आणि घरी आला की तांडव. उदाहरण देतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण मी उघडलं, त्याला स्वतःला उघडायचं होतं. बरं, परत लावून दिलं. तर म्हणे, "तू उघडलंच नव्हतंस असं कर." आता हे कसं करायचं? यावर जमिनीवर लोळण, लाथा, "बाबा वाईट आहे", सगळं झालं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार शहाणा आहे हो, अजिबात त्रास देत नाही." कुठल्या मुलाबद्दल बोलतायत असं वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी थोडी तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

तो माझ्यावर असा उखडतो तेव्हा वैताग येतो, पण आत कुठेतरी हायसंही वाटतं, की चला, हे अजून फक्त मलाच मिळतं. हे विचित्र आहे का?

बायकोला यात काही विशेष वाटत नाही. मातोश्री म्हणतात, "त्याचं दूध कधीच तुटलं, तुझं तुटायचं राहिलंय."

तर विचारायचंय असं: मुलगा अजिबात रडला नाही याचा अर्थ त्याला माझा लळा कमी आहे असा होतो का? घरी येऊन होणारा हा तमाशा म्हणजे शाळेत काही बिघडलंय का? आणि माझ्या डोक्यातल्या या भुंग्याचं काय करू? "होईल सवय" सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

दादा, मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवते. बाटलीचं झाकण वाचून हसू आलं, कारण दरवर्षी कुणाचे तरी पालक असंच काहीतरी घेऊन येतात. कधी मोजा उलटा घातलेला असतो, कधी बिस्किट तुटलेलं असतं.

वर्गात त्याला काय काय करावं लागतं बघा. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हवं ते खेळणं दुसऱ्याच्या हातात असलं तरी ओढायचं नाही, अनोळखी माणसाच्या सूचना ऐकायच्या, शू लागली तर सांगायचं. साडेतीन वर्षांच्या जिवाला हे सगळं दिवसभर धरून ठेवणं दमवणारं असतं. घरी तुम्ही दिसलात की ते सुटतं. वर्गात शहाणी वागणारी मुलंच घरी जास्त उखडतात, हे मी खूपदा पाहिलंय. तुमच्यासमोर उखडलं तरी चालतं हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तुम्हाला जे हायसं वाटतं त्यात विचित्र काही नाही.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नकोत, सूचनाही नकोत. खायला द्या, जवळ बसा, लोळायचं तर लोळू द्या. दुसरं म्हणजे झोप. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते. शाळेमुळे दुपारची झोप गेली असेल आणि रात्रीची वेळ तीच असेल तर तुमचा निम्मा तमाशा तिथे आहे. रात्री लवकर झोपवा.

"काय केलं" विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येणार, कारण प्रश्न फार मोठा आहे. "आज कोण रडलं?" असं विचारून बघा. दुसऱ्याच्या भानगडी सांगायला सगळे तयार असतात.

एक सावध करते. नवलाई ओसरली की, किंवा आजारपणात चार दिवस घरी राहिला की, मग रडणं सुरू होऊ शकतं. तेव्हा तो खेळात रमलाय बघून गुपचूप सटकू नका. सांगून, थोडक्यात निरोप घेऊन निघा. "बारा वाजता येईन" त्याला कळत नाही, "गोष्ट झाली की येईन" कळतं. आणि जे सांगाल तेव्हाच या.

प्रतिसाद २

लळ्याबद्दल. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960-70च्या दशकांत आई काही मिनिटं खोलीबाहेर गेली की मूल कसं वागतं याचे प्रयोग केले होते. लोकांना त्यातलं रडणं तेवढं आठवतं. पण जास्त वजन होतं ते आई परत आल्यावर मूल काय करतं याला: जवळ येतं का, शांत होतं का, पुन्हा खेळायला लागतं का. अर्थात ती मुलं वर्षा-दीड वर्षाची होती, तेव्हा तुमच्या मुलाला त्या मापाने मोजायला बसू नका. पण शाळेच्या दारात रडला नाही एवढ्यावरून लळा कमी, असं म्हणायला काही आधार नाही. कित्येक मुलांचा स्वभावच नवीन ठिकाणी घुसायचा असतो.

काळजी कधी करायची? शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असं सारखं व्हायला लागलं तर. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आणि थांबेना, किंवा एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की तो गप्प झाला, तर वाट न बघता चौकशी करा. आई-बाबांपासून दूर होण्याची तीव्र भीती निदान 4 आठवडे टिकली आणि रोजचे व्यवहार अडायला लागले, तर तज्ज्ञांना दाखवतात. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही.

प्रतिसाद ३

मातोश्रींना अनुमोदन.

गंमत बाजूला. माझी लेक महिनोन्‌महिने रडली. दारातून तिला ओढून न्यायचे, मी बाहेर भिंतीला टेकून उभी. हेवा करण्यासारखं त्यात काही नव्हतं हो. रिकाम्या वेळेत लगेच जास्तीचं काम घेऊ नका, एवढं मात्र सांगेन. मी घेतलं आणि मग ती घरी आली तरी माझं डोकं कामातच. थोडे दिवस तो वेळ रिकामाच ठेवा, वाईट वाटायचं तेही त्यात वाटून जाऊ दे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. "कोण रडलं?" विचारून बघितलं. कुणाचं नाक गळत होतं इथपर्यंत पूर्ण अहवाल मिळाला! गुडघ्याचं अजूनही "जुनं आहे".

ताई, झोपेचं पटलं. दुपारची झोप खरंच गेलीय. पण तो संध्याकाळी अवेळी पेंगतो आणि तेव्हा झोपला की रात्री अकरापर्यंत टक्क जागा. अशा वेळी झोपू देऊ की उठवू?

प्रतिसाद १

शक्यतो शाळेतून आल्या आल्या खाऊन लगेच आडवा करा, संध्याकाळपर्यंत ताणू नका. तरीही अवेळी डोळा लागलाच तर अर्ध्या तासाने उठवा. चिडेल. चिडू द्या, आणि बाटलीचं झाकण त्यालाच उघडू द्या.