अनुभव धागा: बेल्जियमची शहरे, सहलीच्या वेळापत्रकाबाहेर

आपल्याकडून निघणाऱ्या युरोप सहलींत बेल्जियमच्या वाट्याला बहुधा एकच दुपार येते. पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम यांच्या मधल्या दिवशी बस ब्रसेल्सला थांबते, ॲटोमियमसमोर छायाचित्रे निघतात, मानेकेन पिसचा तो हातभर उंचीचा पुतळा पाहून 'हाच का तो?' असे म्हणून होते, चॉकलेटची खरेदी उरकते आणि मंडळी पुढच्या मुक्कामाला लागतात. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आहे; त्यामुळे तो एका दिवसात उरकण्याजोगा आहे, असा समज सहज होत असावा. मला तसे वाटत नाही. आई-वडिलांना घेऊन तिथे सावकाश राहण्याचा आमचा विचार आहे, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी तिथल्या शहरांत मुक्काम केला आहे त्यांनी लिहावे: तळ कोणत्या शहरात ठेवावा, गुडघ्यांनी त्रस्त माणसांना काय झेपते, शाकाहारी माणसाची सोय कशी होते आणि कोणते शहर घाईने पाहिल्यास हाती काहीच लागत नाही.

लूवेनमध्ये संशोधनासाठी राहणारा, मूळचा साताऱ्याचा

तळ ठेवण्यासाठी मी गेंट सुचवीन. तिथून ब्रुज आणि ब्रसेल्स साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, अँटवर्प तासाभराच्या, आणि रात्री परत आल्यावरही शहरात चालत फिरण्यासारखे पुष्कळ असते. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसते. तिकीट त्या दिवसाचे असते, विशिष्ट गाडीचे नसते, त्यामुळे एक गाडी चुकली तर पुढची पकडावी, इतके ते सोपे आहे. फलाटावरची नावे मात्र आधी पाहून ठेवावीत. देशाच्या उत्तरेला डच आणि दक्षिणेला फ्रेंच बोलली जाते, आणि स्थानकावरचे फलक त्या त्या भागाच्या भाषेत असतात. लियेजला जायचे असेल तर लूवेनच्या फलकावर 'लुइक' शोधावे लागते. ब्रसेल्समध्ये दोन्ही भाषा असल्याने बहुतेक स्थानकांना दोन नावे आहेत.

आमचे लूवेन सहलींच्या नकाशावर नसते, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. इथले विद्यापीठ १४२५ चे. त्याचे ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळले. युद्धानंतर अमेरिकेतून आलेल्या देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली, आणि मे १९४० मध्ये तीही जळाली. आज चौकात दिसते ती पुन्हा सावरलेली तीच इमारत. तिच्या भिंतींजवळ गेले की दगडांवर देणगीदार अमेरिकी शाळा-महाविद्यालयांची नावे कोरलेली दिसतात; बहुतेक पर्यटक मनोऱ्याकडे पाहत उभे राहतात आणि हे दगड त्यांच्या नजरेतून सुटतात. पुढे १९६८ च्या सुमारास भाषेच्या वादातून विद्यापीठच दुभंगले. फ्रेंच विभागासाठी दक्षिणेला लूवेन-ला-नव्ह हे नवेच गाव वसवण्यात आले आणि ग्रंथालयातली पुस्तके सम-विषम क्रमांकांनुसार वाटून घेतली गेली. भाऊबंदकीत भांडीकुंडी वाटली जातात तशी ही वाटणी होती, असे इथले लोक अजूनही हसत-हसत सांगतात. नगरभवन पंधराव्या शतकातले असून त्याच्या दर्शनी भागावर २३६ पुतळे आहेत. अर्धा दिवस काढून यावे, एवढेच सुचवतो.

नाशिकची निवृत्त शिक्षिका

गुडघ्यांचा प्रश्न आमच्या घरातही आहे, म्हणून ब्रुजविषयी मीच लिहिते. जुन्या शहरातले बहुतेक रस्ते दगडी फरशीचे आहेत आणि त्यांवर चाकांची बॅग ओढणे हे व्यायामाचेच काम आहे. निवास स्थानकाजवळ घेतला तर बरे, पण मग संध्याकाळी शहरात थांबणे होत नाही, आणि ब्रुजची खरी वेळ संध्याकाळचीच आहे. दिवसभर बसमधून आणि झेब्रुगा बंदरात लागलेल्या जहाजांवरून माणसे येत राहतात. त्यांतली बरीचशी मावळतीच्या आत परत जातात आणि मग त्याच गल्ल्यांतून निवांत चालता येते. आम्ही कालव्याच्या बाजूला एका छोट्या घरगुती निवासात उतरलो होतो; स्थानकापासून बॅगांसह टॅक्सी केली, तेवढा खर्च सार्थकी लागला.

घंटामनोरा ८३ मीटर उंच आहे आणि वर जाण्यासाठी ३६६ अरुंद, वळणावळणाच्या पायऱ्या आहेत. आमच्या 'ह्यां'नी खाली चौकात बसून घंटानाद ऐकणे पसंत केले आणि त्यात त्यांचे काही बिघडले असे मला वाटत नाही. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी नौकाविहार करावा. नौकेत उतरताना हात धरायला माणूस असतो आणि पाण्याच्या पातळीवरून घरांच्या मागच्या बाजू दिसतात, ज्या रस्त्यावरून दिसत नाहीत.

पाहण्यासारख्या गोष्टींत अवर लेडी चर्चमधली मायकेलअँजेलोची संगमरवरी माता-बालकाची मूर्ती माझ्या मते सर्वांत आधी यावी. या शिल्पकाराच्या हयातीत इटलीबाहेर गेलेल्या अगदी मोजक्या कृतींपैकी ती एक आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी ती पळवली आणि युद्धानंतर ती परत आली. बालक आईच्या कुशीत नाही. तिच्या गुडघ्यांमध्ये उभा राहून एक पाऊल खाली टाकण्याच्या बेतात आहे आणि तिचा हात त्याने सैलसर धरला आहे. आईची नजर बालकाकडे नाही, खाली कुठेतरी आहे. हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. समोरच्याच सेंट जॉन रुग्णालयात, जिथे मध्ययुगापासून रुग्णांची शुश्रूषा होत असे, तिथे आता हान्स मेमलिंग या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रे आहेत.

ब्रुज इतके जुने कसे राहिले, याचे उत्तर थोडे उलटे आहे. समुद्राला जोडणारी झ्विन खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला आणि शहराकडे जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच राहिला नाही. आज त्या गरिबीवरच शहराची कमाई चालते.

मुंबईहून, घरात कांदा-लसूणही न खाणारी

शाकाहारी मंडळींसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना आधी देते. बेल्जियममध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर बटाट्याच्या तळलेल्या फोडी मिळतात आणि भूक लागली की आपला हात आपोआप तिकडे जातो. त्या पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या चरबीत दोनदा तळल्या जातात. सर्वच ठिकाणी तसे असते असे नाही. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही आहेत, पण विचारल्याखेरीज कळत नाही. 'शाकाहारी आहे का' असा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण बटाटा शाकाहारीच असतो. 'कशात तळता' असे विचारावे. वॉफलमध्ये अंडे असते, हेही लक्षात ठेवावे.

याच कारणाने गेंट मला आवडले. या शहराने २००९ पासून गुरुवार हा मांसाहारविरहित वार म्हणून पुढे आणला, शाळांच्या भोजनगृहांतही त्या दिवशी शाकाहारी ताट मुख्य ठरले, आणि त्याचा परिणाम असा की उपाहारगृहात शाकाहारी म्हटल्यावर वेटर गोंधळत नाही आणि ताटात उकडलेल्या भाज्यांपलीकडे काहीतरी येते. आम्ही एका साध्या उपाहारगृहात मसूर, भाजलेला कांदा, भोपळा आणि जाड पावाचा तुकडा असे जेवलो. कांदा-लसणाचा आग्रह मी तेवढ्यापुरता सोडला होता, हे घरी सांगू नये. दुपारी अडीचनंतर अनेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि सहाच्या आत उघडत नाहीत, त्यामुळे ज्येष्ठांच्या औषधांच्या वेळा असतील तर सोबत काही ठेवावे. पाणीही बाटलीबंद आणि विकतचे येते.

गेंटचे मोठे वैभव म्हणजे सेंट बाव्हो कॅथेड्रलमधला व्हान आइक बंधूंचा १४३२ चा वेदीपट, म्हणजे वेदीसाठी अनेक फळ्यांवर रंगवलेले चित्र. त्यासाठी वेळेची नोंद आधी करावी. त्याच्या खालच्या ओळीतला 'न्यायी न्यायाधीश' हा भाग १९३४ मध्ये चोरीला गेला आणि अजून सापडलेला नाही. आज तिथे दिसते ती प्रतिकृती आहे. मधल्या फळीवर ख्रिस्ताचे प्रतीक म्हणून रंगवलेल्या कोकराचा चेहरा अलीकडच्या जीर्णोद्धारात नंतरचे रंगकाम काढल्यावर पूर्वीपेक्षा खूपच माणसासारखा दिसू लागला, आणि ते समोरून रोखून पाहणारे डोळे काहींना खटकतात. मला ते आवडले.

सांगलीचे छापखानेवाले

आमच्या घरी तीन पिढ्या छापखाना होता. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्याचे काम मी लहानपणी पाहिले आहे, म्हणून अँटवर्पला मी हिरे सोडून प्लांटिन-मोरेटस संग्रहालयासाठी गेलो. क्रिस्तोफ प्लांटिन या मूळच्या फ्रेंच माणसाने १५५५ मध्ये या शहरात मुद्रण सुरू केले, त्याच्या जावयाच्या वंशजांनी ते एकोणिसाव्या शतकापर्यंत चालवले आणि १८७६ मध्ये घर, यंत्रे, खिळे, हिशेबाच्या वह्या असे सगळेच शहराने विकत घेतले. आपल्याकडे गोव्यात पहिला छापखाना १५५६ मध्ये आला, हे आठवले की दोन्ही गोष्टी किती समकालीन आहेत हे ध्यानात येते.

खिडक्यांच्या बाजूने लाकडी यंत्रांची रांग आहे, आणि अगदी टोकाला उभी असलेली दोन यंत्रे सुमारे १६०० सालची, जगात टिकून राहिलेल्यांपैकी सर्वांत जुनी मानली जातात. समोर खिळ्यांच्या पेट्या तिरक्या मांडलेल्या आहेत. जास्त लागणाऱ्या अक्षरांचे खण मोठे आणि हाताजवळ, कमी लागणाऱ्यांचे लहान आणि दूर, ही व्यवस्था आमच्या जुळाऱ्यांच्या पेट्यांसारखीच असल्याने कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. मुद्रितशोधकांची वेगळी खोली आहे. तिथले ओक लाकडाचे मेज खिडकीला लागून ठेवलेले आहे, कारण बारीक टायपातल्या चुका दिवसाच्या उजेडातच दिसतात. ज्याने आयुष्यात एकदाही प्रूफ तपासले आहे त्याने या खोलीत दहा मिनिटे तरी उभे राहावे. पाच भाषांतल्या बायबलचे आठ खंड प्लांटिनच्याच छापखान्यातून १५६८ ते १५७३ या काळात निघाले.

अँटवर्पचे रेल्वे स्थानक, म्हणजे १९०५ ची ती घुमटाची इमारत, सर्वांनाच आवडते. त्याविषयी जास्त लिहीत नाही. शेल्ट नदीखालचा १९३३ चा पादचारी बोगदा मात्र जरूर पाहावा: ५७२ मीटर लांब, आणि खाली उतरायला अजूनही जुने लाकडी सरकते जिने आहेत.

हिरे व्यवसायात नोकरी केलेला, सध्या बोरिवली

काकांनी हिऱ्यांना बाजूला ठेवले ते योग्यच केले, कारण पर्यटक म्हणून हिरेबाजारात पाहण्यासारखे फारसे नाही. स्थानकाला लागून काही साध्या गल्ल्या आहेत, कॅमेरे आणि रोखलेले रस्ते आहेत, आणि खरा व्यवहार वरच्या मजल्यांवर होतो. रस्त्यावरच्या दुकानांतली चकाकी हा त्या व्यवहाराचा फार छोटा भाग आहे. पूर्वी तो बव्हंशी ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. नंतर पालनपूरकडच्या जैन कुटुंबांनी त्यात मोठा वाटा मिळवला, कच्चा माल अँटवर्पला आणि पैलू पाडण्याचे काम सुरतेला अशी साखळी तयार झाली. त्याचा पर्यटकाला झालेला फायदा असा की त्या भागात शाकाहारी भारतीय जेवण मिळते. विल्राइक उपनगरात संगमरवरी जैन मंदिरही आहे, आई-वडिलांना आवडेल.

पुण्याचे निवृत्त लष्करी अभियंता

ईप्र या गावाचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून आलेल्या भारतीय पलटणींना थेट याच आघाडीवर लावण्यात आले. ३१ ऑक्टोबरला जवळच्या होलेबेक येथे खुदादाद खान मशीनगनवर एकटे उरले तरी लढत राहिले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. एप्रिल १९१५ मध्ये विषारी वायूचा वापर सुरू झाल्यावर भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन पुन्हा इथे आली. आमच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्या याच डिव्हिजनबरोबर फ्रान्सला उतरल्या होत्या.

१९२७ च्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर ज्यांची कबर कुठे आहे हे कळलेच नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत भारतीय नावेही आहेत. ती शोधायला वेळ लागतो. नावे पलटणींनुसार लावलेली असल्याने आधी पलटण शोधावी. रोज रात्री आठ वाजता कमानीखालची वाहतूक थांबवून बिगुलवर 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांच्या मानवंदनेची धून वाजवतात. १९२८ पासूनचा हा प्रघात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळातच काय तो खंडित झाला. जवळच तटाच्या हिरवळीवर चार सिंहांचे भारतीय स्मारक आहे. गेंटहून कॉर्त्रेकमार्गे गाडीने येता येते, परंतु कार्यक्रमानंतर परतीची गाडी कधी आहे हे आधी पाहून ठेवावे, अन्यथा तिथेच राहावे. गाव जुने दिसते खरे, पण युद्धात ते जमीनदोस्त झाले होते. मध्ययुगीन वाटणाऱ्या कापडबाजाराच्या भव्य इमारतीचे पुनर्बांधकाम १९६७ मध्ये पूर्ण झाले.

ब्रसेल्समध्ये नोकरीनिमित्त राहिलेली

ब्रसेल्सची बाजू कोणीच घेत नाही, याचे मला वाईट वाटते. ग्राँ-प्लास पाहताना १६९५ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी फ्रेंच तोफांनी हा चौक जवळजवळ राखेत मिळवला, नगरभवनाचा मनोरा वाचला, आणि व्यावसायिक संघांनी काही वर्षांतच आपापली घरे चढाओढीने पुन्हा बांधली. नावाड्यांच्या संघाच्या घराचे शिखर जहाजाच्या मागच्या भागासारखे आहे. मान वर केली तरच ते दिसते.

दुसरी सूचना थोडी वेगळी आहे. ४४ क्रमांकाची ट्राम रानातून तेर्वुरनला जाते. तिथले मध्य आफ्रिकेचे संग्रहालय दुसऱ्या लिओपोल्ड राजाने उभे केले. १८८५ ते १९०८ या काळात काँगो ही त्याची जणू खासगी मालमत्ता होती आणि तिथे रबरासाठी झालेले अत्याचार भयंकर होते. २०१८ मध्ये संग्रहालय नव्या मांडणीसह उघडले, तरी जुन्या इमारतीतले गौरवाचे पुतळे आणि नवी स्पष्टीकरणे शेजारी-शेजारी उभी आहेत. वसाहतीतून आलेल्या माणसाने ब्रसेल्समधली भव्य बांधकामे हे संग्रहालय पाहून मगच पाहावीत, असे माझे मत आहे.

सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात. तो वार मी डिनाँसाठी ठेवत असे. म्यूज नदीच्या काठावर, उंच कड्याखाली वसलेले हे छोटे गाव, सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स याचे जन्मगाव. किल्ल्यावर जायला ४०८ पायऱ्या आहेत, आणि ज्यांना त्या नको असतील त्यांच्यासाठी रज्जुमार्गही आहे.