मदत हवी आहे : लँड रोव्हरच्या स्टिअरिंगला प्लेही आहे आणि ते जडही आहे, हे कसं?

नमस्कार मंडळी,

गाडी लँड रोव्हर सिरीज टू-ए, १९६६ ची, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), पेट्रोल, स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार फक्त स्टिअरिंगची आहे, पण ती तीन तऱ्हेची.

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन-अडीच इंच इकडेतिकडे हलवलं तरी गाडीला त्याचा पत्ताच नसतो, हाच तो प्ले. ५५-६० च्या वेगात एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात, स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं, आणि वेग अगदी वीस-पंचविसावर आणेपर्यंत ते थांबत नाही. हे प्रत्येक खड्ड्यात होत नाही, त्यामुळे कुणाला दाखवायला नेली की गाडी नेमकी शहाण्यासारखी वागते. आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. पॉवर स्टिअरिंग नाही हे मान्य, पण उभ्या गाडीत दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक जेमतेम वळावं?

स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सहाही बॉल जॉइंट (सांधे) नवे टाकले, चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली. प्ले थोडा कमी झाला, थरथर तशीच. एक मेकॅनिक म्हणतो स्टिअरिंग बॉक्सचा (कॉलमच्या टोकाच्या गिअरच्या पेटीचा) स्क्रू आवळू, दुसरा म्हणतो स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) बसवा. मला कोडं वेगळंच पडलंय. स्टिअरिंग ढिलं असेल तर ते हलकं लागायला हवं ना? ढिलं आणि जड एकाच वेळी कसं?

प्रतिसाद :
डँपर बसवा आणि विसरून जा. माझ्या गाडीची थरथर डँपरनेच गेली.

प्रतिसाद :
आधी एक बाळबोध प्रश्न, राग मानू नका. पिवळी मूठ वर आहे ना? ती खाली दाबलेली राहिली तर फोर व्हील ड्राइव्ह लागलेला असतो, आणि डांबरी रस्त्यावर तसं चालवलं की स्टिअरिंग जडच होणार. टायरमध्ये हवा किती ठेवता तेही सांगा.

धागाकर्ता :
मूठ वरच आहे. पुढे २५ पीएसआय, मॅन्युअलप्रमाणे.

प्रतिसाद :
तुमच्या कोड्याचं उत्तर सोपं आहे: ढिलेपणा एका जागी आहे आणि जडपणा दुसऱ्या. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत ही एक लांबलचक साखळी आहे. बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणाऱ्या लिव्हरपासून) एक दांडा पुढे रिलेला येतो. रिले, म्हणजे हालचाल पुढच्या दांड्याकडे पोचवणारा शाफ्ट, चासीच्या पुढच्या क्रॉस मेंबरमध्ये (आडव्या तुळईत) उभा खोचलेला असतो. त्याच्या खालच्या लिव्हरपासून ड्रॅग लिंक निघते, आणि ट्रॅक रॉड दोन्ही चाकं एकमेकांना जोडतो. सगळ्यात शेवटी स्विव्हल पिन, ज्यांच्यावर चाक वळतं. यातली कुठलीही कडी ढिली किंवा घट्ट असू शकते आणि हाताला मात्र सगळं मिळून एकच जाणवतं. म्हणून कडी-कडी सुटी तपासल्याशिवाय पान्हा उचलू नका.

आधी प्ले शोधा. चाकं जमिनीवरच असू द्या, इंजिन बंद. एकाला आत बसवून स्टिअरिंग फक्त प्लेपुरतं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली झोपून बॉक्सपासून सुरुवात करा आणि प्रत्येक सांध्यावर बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. बॉक्स स्वतःच हलतोय का हे आधी बघा. त्याचे ब्रॅकेटचे बोल्ट ढिले असले किंवा ब्रॅकेटला तडा असला की संपूर्ण बॉक्स डोलतो, आणि लोक बिचाऱ्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला धरतात. मग ड्रॉप आर्म, मग रिलेच्या वरखालच्या लिव्हर. या लिव्हर क्लँप बोल्टने स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) आवळलेल्या असतात. तो बोल्ट ढिला असेल तर सहा नवे बॉल जॉइंट टाकूनही काही उपयोग नाही.

त्यानंतर पुढचा अ‍ॅक्सल उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर स्विव्हल पिनचा. ही चाचणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती करतच नाहीत.

तुमची थरथर मला स्विव्हलचीच वाटते. या गाडीत कॅस्टर, म्हणजे स्विव्हल पिनचा मागे कललेला कोन, जेमतेम ३ अंश आहे. स्विव्हलच्या वरच्या बाजूला रेल्को बुश (पिनभोवतीचा नळीसारखा भाग) असतो आणि शिमने (पातळ पत्र्यांनी) त्याच्यावर ठराविक दाब ठेवलेला असतो. त्या दाबाचं घर्षणच चाकाचं डोलणं मारतं. बुश झिजला की दाब जातो, आणि खड्ड्याने चाक एकदा डोललं की त्याला थांबवणारं काही उरत नाही. बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर सुरुवात व्हायला निमित्त मिळतं, एवढंच. डँपर लावला तर थरथर दबेल हे खरं, पण झिजलेला बुश झिजतच राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. डँपर सुचवणाऱ्या प्रतिसादकर्त्यांनी कृपया एकदा बारा-सहाची चाचणी करून बघावी.

धागाकर्ता :
मनःपूर्वक धन्यवाद. आणि जडपणा?

प्रतिसाद :
त्यासाठी रिले बघा. दोन्ही दांडे रिलेच्या लिव्हरपासून सोडवा. टेपर (सांध्याचा निमुळता खुंटा) जाम असेल तर नटवर ठोकू नका, लिव्हरच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोड्यांनी मारा, पटकन सुटतो. आता लिव्हर हाताने फिरवा. विरोध असायलाच हवा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. अडकत, खरवडत फिरत असेल तर रिले कोरडा आहे. त्यात गिअर ऑइल असतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं, कारण तिथे ग्रीस निपल नाही. वरच्या झाकणाचे दोन बोल्ट काढा, एकातून हळूहळू ईपी ९० (हेच गिअर ऑइल) सोडा, दुसऱ्यातून हवा बाहेर येऊ द्या.

दांडे सुटलेच आहेत तर आत बसून स्टिअरिंगही फिरवून बघा. तेव्हाही जड लागलं तर दोष बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये, हलकं लागलं तर पुढे, रिले किंवा स्विव्हलमध्ये.

आणि एक इशारा. तेलाने भागलं नाही तरी रिले घरी उघडू नका. आत दोन टेपर बुशांमध्ये एक दणकट स्प्रिंग दाबून बसवलेली आहे. झाकण काढून शाफ्ट ठोकला की ती गोळीसारखी सुटते. ज्यांना उघडता येतो तेही पोत्यात गुंडाळून उघडतात. तुम्ही आख्खा रिले बदला, फक्त क्रॉस मेंबरमधून गंजलेला रिले बाहेर काढणं हे वेगळंच व्रत आहे, त्याची मानसिक तयारी ठेवा.

धागाकर्ता :
सगळं क्रमाने तपासलं.

बॉक्स जागच्या जागी घट्ट आहे. रिलेच्या खालच्या लिव्हरचा क्लँप बोल्ट मात्र ढिला होता, बोटाला लगेच जाणवलं. आवळल्यावर निम्म्याहून जास्त प्ले गेला. रिले अगदी ठणठणीत कोरडा होता, बऱ्यापैकी तेल प्यायला. स्टिअरिंग आता वळणानंतर निदान अर्धं तरी परत येतं. बारा-सहाच्या चाचणीत डावं चाक ब्रेक दाबूनही हललं, उजवं ठीक.

दोन शंका. डाव्या स्विव्हलचे शिम कमी केले तर चालेल की बुश बदलायलाच हवा? आणि उरलेल्या प्लेसाठी आता तरी बॉक्सचा स्क्रू आवळू का?

प्रतिसाद :
ब्रेक दाबूनही हाताला हलतंय म्हणजे बुश संपलाय. नुसते शिम काढून दाब येईल, पण थोड्याच दिवसांसाठी. बुश आणि पिन दोन्ही बदला, खालचं बेअरिंगही बघा, आणि दोन्ही बाजूंचं काम एकदमच करा. दाब मोजायला ट्रॅक रॉड सोडवून, स्विव्हलचं मोठं ऑइल सील बसवण्याआधी, स्टिअरिंग आर्मच्या डोळ्यात स्प्रिंग काटा अडकवून ओढा. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. नंतर टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) परत बघावा लागेल, १.२ ते २.४ मिलिमीटर.

बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी. चाकं अगदी सरळ ठेवून, लॉक नट सैल करून, थोडाथोडा आवळा. मध्यभागी प्ले जेमतेम जाईपर्यंतच. मग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, कुठे अडकलं तर लगेच मागे घ्या. बॉक्समधलं तेल मात्र आजच बघा, रिले कोरडा होता म्हणजे तोही कोरडा असण्याची शक्यता आहे.

धागाकर्ता :
बघितलं. तोही कोरडाच. बुश मागवलेत, बसले की कळवतो. तोवर गाडी चाळिशीच्या वर नेत नाही.