अंदमानला जीटीसाठी पॉपिंग: ५४ किलो वजनाला किती ड्रॅग झेपेल?

वेळणेश्वरची_गरी:
नमस्कार मंडळी. लहानपणापासून आमच्या खडपावरून गरवते. ४०००चं रीळ, २० पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी). तांबोशी, गोबरा, क्वचित जिताडा. फेब्रुवारीत भावाच्या ग्रुपबरोबर अंदमानला जायंट ट्रेव्हॅली (जीटी) या मोठ्या माशासाठी, पॉपर नावाचं नकली आमिष फेकून गरवायला जायचं ठरतंय. बाकीचे सगळे ८०-९० किलोंचे गडी, पीई १० ब्रेड (पीई म्हणजे दोरीच्या जाडीचा आकडा) आणि १५ किलो ड्रॅग (रिळाचा ब्रेक; तेवढ्या ओढीला दोरी सुटायला लागते) याशिवाय बोलतच नाहीत. माझं वजन ५४. आतापासून जिम लावू, की माझा सेटअपच वेगळा हवा?

कोळीवाडा७२:
डेडलिफ्ट आणि प्लँक आजपासून सुरू करा. मासा लागला की बोटीवरचा पोरगा मागून बेल्ट धरतो, घाबरू नका.

खडपकर:
ताई, व्यायाम जरूर करा, पण १५ किलो ड्रॅग डोक्यातून काढून टाका. रॉड म्हणजे तरफ आहे आणि तिची लांब बाजू माशाकडे आहे. कमरेच्या बेल्टवर रॉडचं बूड टेकवायची वाटी असते, तिच्यापासून तुमचा पुढचा हात ६० सेंटिमीटरवर आणि वाकलेल्या रॉडमुळे दोरीची ओढ दीड मीटरवर धरा. ड्रॅग ८ किलो असेल तर हाताला २० किलो पेलावे लागतात. १५ ला साडेसदतीस! तेही हलत्या बोटीवर, ओल्या डेकवर. त्या ड्रॅगला ८० किलोंचा माणूसही कठड्यावर आदळतो, मी पाहिलंय.

म्हणून दोरीला किती झेपतं ते विसरा, तुम्हाला किती झेपतं त्यावर ड्रॅग लावा. घरीच मोजा. दोरीचं टोक सामान तोलायच्या काट्याला बांधा, काटा जमिनीलगत पक्का करा आणि रॉड माशाशी झुंजताना धरतो तसा धरून ओढा. रिळातून सरळ ओढून मोजू नका. रॉड वाकला की कड्यांमधल्या घर्षणाची भर पडते, आकडा वाढतो. ब्रेड मात्र पीई ८ च ठेवा, पुढे आमिषाजवळ १५० पौंडांचा नायलॉन लीडर (जाड दोरीचा तुकडा). ही जादा ताकद ओढण्यासाठी नाही, प्रवाळावर घासलं तर टिकावी म्हणून.

जोर पायांतून येऊ द्या. गुडघे किंचित वाकलेले, पुढचा हात सरळ, अंग मागे. रॉड वीतभरच उचला आणि खाली नेताना गुंडाळा. १९५३ साली पेरूच्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेल यांनी ७०७ किलोंचा ब्लॅक मार्लिन काढला, तोही फायटिंग चेअरवर बसून. त्या खुर्चीत पाय फळीला रेटतात, रीळ हार्नेसला अडकवतात; दंडांवर भार येऊच देत नाहीत.

खरा दम मात्र माशाने नाही, फेकण्याने जातो. दिवसभर उन्हात १५० ग्रॅमचा पॉपर फेकायचा आणि तोंडाला खोलगट वाटी असलेला तो लाकडी ठोकळा पाण्यातून खेचायचा, यात दुपारपर्यंत खांदे जातात. तुम्ही १०० ग्रॅमच्या आसपासचे स्टिकबेट (वाटी नसलेलं, सडपातळ नकली आमिष) जास्त घ्या. ते पाण्यातून सरकतात, ओढ कमी लागते.

आणि कोळीवाडा, बेल्ट धरणं ठीक, पण त्या पोराला रॉडला हात लावू देऊ नका. आयजीएफए (गरीने धरलेल्या माशांचे विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या नियमात तसा मासा ग्राह्य धरत नाहीत.

वेळणेश्वरची_गरी:
काका, मनापासून आभार. भावाच्या रॉडवर मोजलं. ८ किलोला पाय सरकायला लागले, ६ ला नीट उभी राहू शकते. पण ६ वर मोठा जीटी लागला तर तो सरळ खडकात घुसेल ना?

खडपकर:
घुसू शकतो, खोटं कशाला सांगू. पहिली अर्धी मिनिट त्याचीच असते. म्हणून तांडेलाला आधीच सांगून ठेवा: मासा लागला रे लागला की बोट खोल पाण्याकडे काढायची. फेकतानाही प्रवाळाच्या डोक्यावर न फेकता त्याच्या बाहेरच्या, उताराच्या कडेला फेका. मासा दोरी नेत असेल तेव्हा रॉड उंच धरू नका, टोक त्याच्या दिशेने खाली आणा. तरफ आखूड होते, हातावरचा ताण लगेच उतरतो. आणि त्या वेळी ड्रॅगचं बटण अजिबात आवळू नका. दोरी गेली की स्पूलचा घेर कमी होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो. घेर अर्ध्यावर आला तर तुमच्या ६ चे १२ झालेले असतात.

भाड्याचा रॉड घेणार असाल तर आदल्या संध्याकाळीच हातात घ्या आणि त्यावर काटा पुन्हा लावून बघा.