अकरा महिन्यांच्या रजेनंतर युगांडात परत जाताना: दुसऱ्याच्या हाती सोपवलेले काम पुन्हा मागून घ्यावे का?

प्रश्न | फोंड्याची_सून

नमस्कार. आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंब. माझे पती आणि मी गेली सहा वर्षे मध्य युगांडातील एका मिशन रुग्णालयात काम करतो. ते प्रयोगशाळा सांभाळतात आणि मी आसपासच्या गावांत जाऊन गरोदर स्त्रियांची तपासणी करण्याचा उपक्रम चालवते, किंवा अचूक सांगायचे तर अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत चालवत होते. धाकट्या मुलीच्या वेळचे माझे बाळंतपण आणि स्वदेशी रजा अशा दोन्ही निमित्तांनी आम्ही फोंड्याला सासरी आलो आणि आता पुढच्या महिन्यात परत निघायचे आहे. (जुने मिशनरी या रजेला फर्लो म्हणत, मराठी वर्तमानपत्रांत तो शब्द आता केवळ कैद्यांच्या बातम्यांत दिसतो.) रजा म्हणायची, पण ती जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या मंडळीपुढे उभे राहून वृत्तांत सांगण्यातच संपली. वास्को, बेळगाव, कोल्हापूर, मिरज असे फिरताना उपासनेनंतरच्या चहाला मला वाघ-सिंहांविषयी जितके प्रश्न आले, तितके बाळंतिणींविषयी आले नाहीत. युगांडात वाघ नसतात, हे सांगण्याचाही मला कंटाळा आला.

निघताना मी उपक्रम तिथल्याच एका सुईणीच्या स्वाधीन केला होता. तिने तपासणीचा दिवस बुधवारवरून शनिवारवर, म्हणजे बाजाराच्या दिवसावर नेला, आरोग्यकेंद्राच्या खोलीऐवजी बाजाराजवळच्या फणसाखाली बाके मांडली आणि माझी नोंदवही बाजूला ठेवून स्वतःची सुरू केली. तिने पाठवलेले छायाचित्र मी कितीदा तरी पाहिले आहे. फणसाखालची रांग माझ्या कोणत्याही बुधवारपेक्षा मोठी आहे. आता रुग्णालयाच्या अधीक्षकांनी कळवले आहे की तुम्ही आलात की सर्व पूर्ववत सुरू करू. हे पूर्ववत करणे योग्य होईल का?

दुसरी गोष्ट मुलाची. तो बारा वर्षांचा आहे. इथे त्याला फुटबॉलचे मित्र मिळाले आणि आता तो परत जायला तयार नाही, पण तिथली शाळा फेब्रुवारीत सुरू होते. परवा कपाट आवरताना तिथल्या शाळेचा त्याचा हिरवा स्वेटर निघाला. त्याने तो घालून पाहिला, बाह्या मनगटाच्या चार बोटे वर राहिल्या, तेव्हा काही न बोलता घडी करून त्याने तो आजीच्या ट्रंकेत ठेवून दिला.

उत्तर १ | सासष्टीचा_वाचक

ताई, मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे माझे उत्तर जुन्या माणसांपासूनच सुरू होणार. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली इथेच वारले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला एकदाही परत गेले नाहीत. बाणावलीचे पाद्री जुझे वाझ १६८७ साली सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) गेले, ते १७११ साली कँडीत मरण पावले. अशी उदाहरणे व्यासपीठावरून ऐकली की रजेवर आलेल्या माणसाला उगीच अपराधी वाटू लागते. प्रत्यक्षात वाझ यांच्या मागोमाग गोव्याहून त्यांच्याच ओरेटरी या धर्मसंघाचे आणखी पाद्री गेले होते, त्यांतल्या जाकोमे गोन्साल्व्हिस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत ग्रंथ लिहिले, आणि म्हणूनच वाझ गेल्यावरही ते काम बंद पडले नाही.

तुमचा प्रश्न मिशनच्या जगात तसा जुनाच आहे. १९ व्या शतकात लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रुफस अँडरसन हे दोघेही असे मांडत की स्थानिक मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली की परदेशी मिशनऱ्याने तेथून बाजूला व्हावे. हे अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा अहमदनगरच्या मराठी मिशनमध्येही गेले होते, आणि देशी पाळक नेमण्याचा त्यांचा आग्रह होता. व्हेन यांच्या सोसायटीचे मिशनरी १८७७ साली युगांडात पोचले. तेव्हा तुमच्या सुईणबाईंनी जे केले आहे, ते तुमच्या क्षेत्रातल्या वडीलधाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच मागितले होते. हे कागदावर सोपे आहे, मनाला सोपे नाही, हे मान्य.

उत्तर २ | निवृत्त_सिस्टर_मडगाव

वरचे उत्तर बरोबर आहे, पण मी माझी चूक सांगते, तिचा जास्त उपयोग होईल.

मी टांझानियातल्या एका लहान रुग्णालयात होते. पहिल्या रजेवरून परतले त्याच सकाळी मी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या. माझ्या जागी आठ महिने काम केलेल्या मुलीने त्या मुकाट्याने टेबलावर ठेवल्या. कपाट उघडून पाहते तर मी अक्षरानुक्रमे लावलेल्या बाटल्या तिने आजारांप्रमाणे लावल्या होत्या, म्हणून मी दिवसभर बसून त्या पुन्हा माझ्या पद्धतीने लावल्या. रात्रपाळीच्या परिचारिकांना कंदिलाच्या उजेडात नावे वाचण्यापेक्षा तापाचा कप्पा आणि जुलाबाचा कप्पा हाताला लागणे सोपे जात होते, हे मला कोणी सांगितले नाही, कारण मी विचारलेच नाही. दोन महिन्यांनी ती मुलगी सरकारी रुग्णालयात निघून गेली आणि पुढची तीन वर्षे त्या किल्ल्या माझ्याच कमरेला राहिल्या.

म्हणून अधीक्षकांना इथूनच लिहा की उपक्रम सुईणबाईंकडेच राहावा आणि तुम्हांला त्यांच्या हाताखाली काम द्यावे. तिथे पोचल्यावर सांगितले, तर सर्वांना तो तुमचा विनय वाटेल आणि कोणीही तो मनावर घेणार नाही. आणखी एक नाजूक बाब आहे: इथल्या मंडळ्या पैसे देतात ते तुमचे नाव आणि तुमचा चेहरा पाहून, त्यामुळे वृत्तांतात मी, मी असे लिहिण्याचा मोह सुटत नाही. पुढच्या पत्रात त्या बाईंचे काम त्यांच्या नावाने लिहा. एखादा देणगीदार कमी झाला तर होऊ द्या.

बाळासाठी दोन सूचना. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, ती सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, म्हणून तारीख आजच पक्की करा. गोवरची लस त्याच दिवशी दिली नाही, तर दोन्हींत चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत, तेव्हा हे केंद्रावर आधीच बोलून घ्या. मोठ्यांनी पूर्वी घेतली असेल तर २०१६ पासून ते प्रमाणपत्र जन्मभर चालते. हिवतापाच्या बाबतीत मात्र सहा वर्षांच्या सवयीवर विसंबू नका. वर्षभर दूर राहिले की अंगात आलेली थोडीफार प्रतिकारशक्तीही ओसरते, आणि बाळाला तर ती नाहीच. युगांडाने एप्रिल २०२५ मध्ये बालकांना हिवतापाची आर२१ लस देणे सुरू केले आहे (ती पुण्याच्या सीरममध्ये तयार होते); पोचल्यावर तिची चौकशी करा, आणि मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लावा.

उत्तर ३ | आफ्रिकाराचा_पोर

मी मिशनऱ्याचा मुलगा नाही. वडील कंपालात सरकारी कचेरीत कारकून होते, म्हणजे आमच्या भाषेत आफ्रिकार. काही वर्षांनी एकदा लांब रजा मिळे, तेव्हा मोंबासाहून बोटीने मुंबईला आणि तिथून म्हापशाला येणे होई. दहाव्या वर्षी मला शिक्षणासाठी आजीकडे ठेवून सगळे परत गेले. निघण्याच्या सकाळी मला पोदेराकडून पाव आणायला पाठवले आणि मी परत येईपर्यंत टॅक्सी गेली होती. मी रडू नये म्हणून मोठ्यांनी तसे केले. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली तेव्हा आईवडील कायमचेच परत आले, पण त्या सकाळचा विषय आमच्या घरात कधीच निघाला नाही.

मुलांच्या शिक्षणाचा पेच गोऱ्या मिशनऱ्यांनाही होताच. कोडाईकनालची शाळा १९०१ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठीच काढली. रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना तिसऱ्या संस्कृतीची मुले म्हटले, म्हणजे आईवडिलांची संस्कृती आणि राहत्या देशाची संस्कृती यांच्या मधोमध वाढणारी, ते मला पटते. तुमच्या मुलाला धाडसी प्रवासाचे आमिष दाखवू नका. त्याला मित्रांचा निरोप सावकाश घेऊ द्या, पुढे गोव्याला कधी यायचे त्याची खरी तारीख सांगा आणि ती ठरलेली नसेल तर ठरलेली नाही असेच सांगा. स्वेटर ट्रंकेत राहू द्या.

फोंड्याची_सून

सर्वांचे आभार. सिस्टर, मी काल अधीक्षकांना लिहिले, आणि त्याआधी सुईणबाईंना फोन करून विचारले की मला काय काम द्याल. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या की शनिवारी फणसाखाली वजनकाटा घेऊन बसायला माणूस हवा आहे, पण पहिले दोन आठवडे नको. लुगांडा भाषेत प्रवासाहून परतलेल्या माणसाला 'कुलिकायो' म्हणून घरोघरी बसवून घेतात आणि कोणाच्या घरी जन्म झाला, कोण गेले, हे सगळे सांगितल्याशिवाय उठू देत नाहीत. ते आधी उरकावे, असे त्यांचे म्हणणे पडले. खरे सांगायचे तर फोन ठेवल्यावर मला थोडे वाईटही वाटले.

काका, मुलाशी बोलणे झाले. तो निघण्याच्या आदल्या दिवशी संघातल्या मुलांना घरी बोलावणार आहे आणि सासूबाईंनी पातोळ्यांचे कबूल केले आहे. परतीची तारीख त्याने लिहून मागितली. यांनी दोन वर्षांनंतरचा मे महिना लिहून सही केली, तर त्याने माझीही सही घेतली. बाळाच्या लसीसाठी मंगळवारची वेळ मिळाली आहे.