मृत्युपत्रातील देणग्या मिळवून देण्याचे काम : आयुष्यभर करावा असा हा व्यवसाय आहे का?

सातासमुद्रापार (धागाकर्ती, लीड्स)

ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या आणि धर्मादाय संस्थांतच नोकरी करू इच्छिणाऱ्या मराठी मुलामुलींनी मृत्युपत्रातील देणग्यांचा विभाग निवडावा, असे माझे मत आहे. या देशातील संस्थांना मृत्युपत्रांतून दरवर्षी सुमारे ४ अब्ज पौंड मिळतात. समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था तर आपल्या दर दहापैकी सहा बचाव मोहिमा अशाच देणग्यांवर चालतात, असे स्वतःच सांगते. यामागे सद्भावनेइतकाच कायदाही आहे. सव्वातीन लाख पौंडांच्या करमुक्त मर्यादेपलीकडील वारशावर एरवी ४० टक्के कर पडतो. धर्मादाय संस्थेला दिलेल्या भागावर तो पडत नाही आणि करपात्र वारशाचा किमान दहावा हिस्सा दान केला, तर उरलेल्या भागावरील दरही ३६ टक्क्यांवर येतो.

या कामाच्या दोन शाखा आहेत. एक, हयात देणगीदारांशी संवाद राखण्याची. दुसरी, देणगीदाराच्या निधनानंतर एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) आणि वकिलांशी पत्रव्यवहार करून संस्थेचा हिस्सा वसूल करण्याची. रस्त्यावर उभे राहून मासिक वर्गणीदार जमवणारी मुले लवकर थकून बाहेर पडतात. या कामात मात्र वय आणि अनुभव वाढेल तशी माणसाची किंमत वाढते.

उलटतपासणी

मी असहमत आहे आणि माझा पहिला आक्षेप नैतिक आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वर्तनविषयक सल्लागार गटाने को-ऑपरेटिव्ह या सहकारी समूहाच्या मृत्युपत्र सेवेत एक प्रयोग केला होता. ग्राहकाला दानाविषयी काहीच विचारले नाही, तेव्हा सुमारे ५ टक्के लोकांनी संस्थेला काही ठेवले. साधा प्रश्न विचारल्यावर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेले. आणि ‘आमचे अनेक ग्राहक असे दान करतात, तुम्हाला जिव्हाळ्याचे वाटणारे एखादे कार्य आहे का’, असे विचारल्यावर ते १५ टक्क्यांवर पोहोचले. वाक्य बदलताच दाते तिप्पट होत असतील, तर त्या मृत्युपत्रात इच्छा मृत्युपत्रकर्त्याची किती आणि कौशल्य प्रश्न विचारणाऱ्याचे किती?

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. आज दिलेले आश्वासन पैशाच्या रूपाने पंधरा-वीस वर्षांनी येणार आणि तोवर मृत्युपत्र केव्हाही बदलता येणार. मग वार्षिक मूल्यमापनात मोजायचे काय? पाठवलेली पत्रे आणि चहापानाचे कार्यक्रम? ज्याच्या कामाचे फळ त्याच्या नंतरच्या तिसऱ्या अधिकाऱ्याच्या काळात पदरी पडते, त्याची बढती कशावर ठरते, हे धागाकर्तीने सांगितलेले नाही.

सातासमुद्रापार

त्या प्रयोगात प्रश्न विचारणारे संस्थेचे नोकर नव्हते, मृत्युपत्र तयार करून देणारे कर्मचारी होते आणि समोरचा माणूस स्वतःहून मृत्युपत्र करायला आला होता. नकार देण्यासाठी त्याला ‘नको’ एवढेच म्हणायचे होते.

दबावाची चर्चा करायचीच असेल, तर इलॉट खटला पाहावा. एका आईने संबंध तुटलेल्या मुलीला वगळून सुमारे ४ लाख ८६ हजार पौंडांची मालमत्ता जवळजवळ पूर्णपणे तीन प्राणी-पक्षी संस्थांना दिली. वारशातून वगळलेल्या कुटुंबीयांना न्यायालयाकडे वाजवी तरतूद मागता येते अशा १९७५ च्या कायद्याखाली मुलीला आधी ५० हजार पौंड मंजूर झाले, अपील न्यायालयाने ते बरेच वाढवले, परंतु २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ ५० हजारच कायम केले. संस्थांचे काम अशा देणग्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हेही त्या निकालात स्पष्टपणे नोंदवले आहे. मूल्यमापनाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. बहुतेक ठिकाणी ते ओबडधोबडच होते.

विश्वस्त, पुणे

ब्रिटनचे ब्रिटनला लखलाभ. तिकडचा अनुभव घेऊन महाराष्ट्रात परतणाऱ्याला या नावाचे पद इथे क्वचितच सापडेल, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. आपल्याकडील संपदा शुल्क, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरील कर, १९८५ मध्येच रद्द झाले, त्यामुळे कर वाचवण्यासाठी दान करा, हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. दानाची परंपरा नाही असे मुळीच नव्हे. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रातूनच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला. कायद्याचा अडसरही पूर्वीइतका नाही. ख्रिस्ती व्यक्तीला जवळचे नातेवाईक असताना धर्मादाय दान करायचे असल्यास मृत्युपत्र निधनाच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे. भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील ते ११८ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

खरी अडचण नंतर येते. इथला मध्यमवर्गीय माणूस पैसे कमी आणि सदनिका जास्त ठेवून जातो. ती न्यासाच्या नावावर करण्यासाठी सोसायटीचे कागद, नामनिर्देशित नातेवाइकाचा ‘मीच मालक’ हा गैरसमज आणि भावाबहिणींच्या हरकती यांतून वाट काढावी लागते. आणि ती विकायची म्हटली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मला गोड बोलणारा प्रतिनिधी नको, ही फाइल शेवटपर्यंत नेणारा माणूस हवा. असा माणूस मिळाला तर मी त्याला उद्या नेमीन, पण पदनाम ‘व्यवस्थापक’ असेल आणि पगारही तसाच.

हिशेबनीस (वसुली शाखेत, लंडन)

विश्वस्तांचे म्हणणे मला सर्वांत पटते, कारण त्यांनी वर्णन केलेले काम हीच या व्यवसायाची दुसरी आणि माझ्या मते अधिक टिकाऊ शाखा आहे. तिच्यात कायदा आणि कर शिकावे लागतात, शोकात असलेल्या मुलाला ‘हिशेब पाठवा’ हे कसे लिहावे हेही शिकावे लागते आणि कामाचे मोजमाप पौंडांत होते.

दोन्ही देशांचे कागद समजणाऱ्याला एक वेगळी संधीही आहे. ब्रिटिश नागरिक झालेल्या मराठी ज्येष्ठांना आपल्या गावच्या शाळेसाठी काही ठेवावेसे वाटते, परंतु ती शाळा चालवणाऱ्या न्यासाकडे विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल, तर ती रक्कम त्याला स्वीकारता येत नाही; आणि असली, तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. म्हणून मृत्युपत्रात न्यासाचे नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा आणि स्वीकार अशक्य ठरल्यास रक्कम कोणाला जावी, तेही त्याच कलमात नोंदवावे.