आइस्ड टीसाठी नेमका कोणता चहा निवडावा? थंड झाल्यावर चहा गढूळ आणि तुरट होतो, मदत हवी आहे

नमस्कार.

गेले तीन आठवडे मी घरी आइस्ड टी करून पाहत आहे आणि दर वेळी कुठे ना कुठे फसत आहे. तयार पूड पाण्यात ढवळून होणारे गोड पेय मला नको आहे. खऱ्या पानांचा, पारदर्शक आणि साखर न घालताही प्यावासा वाटेल असा कोरा थंड चहा हवा आहे. पाककृती पुष्कळ सापडतात, परंतु त्यांत पुदिना किती, लिंबू किती, बर्फ किती याचा तपशील असतो आणि चहाच्या बाबतीत मात्र ‘चहा, दोन चमचे’ एवढ्यावर काम भागवलेले असते. कोणता चहा, हे कोणी सांगत नाही आणि घोडे नेमके तेथेच पेंड खाते आहे, असा मला दाट संशय आहे.

पहिला प्रयोग दुधाच्या चहासाठी आणलेल्या आसामच्या सीटीसी दाणेदार चहाचा होता. एक लिटर पाण्यात चार चमचे चहा घालून उकळला, गाळला आणि काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री ठेवताना त्याचा रंग सुरेख तांबूस होता. सकाळी पाहिले तर पावसाळ्यातल्या डबक्यासारखे गढूळ पाणी. गाळणीतून भुकटी उतरली असेल असे समजून पातळ कापडातून पुन्हा गाळला, तरी फरक पडला नाही. शेवटी कंटाळून तोच चहा पातेल्यात ओतून मंद आचेवर ठेवला, आणि उकळी तर सोडाच, तो जेमतेम गरम झाला असेल-नसेल तोच बघता बघता निवळला आणि पातेल्याचा तळ दिसू लागला. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला, पुन्हा गढूळ.

दुसऱ्या प्रयोगात ग्रीन टीवर उकळते पाणी ओतून पाच मिनिटे झाकून ठेवले. तो थंड झाल्यावर इतका कडू लागला की एका घोटात जीभ आवळून आली. तिसऱ्या वेळी जिवावर उदार होऊन जपून ठेवलेला दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा, वापरला. गरम असताना त्याचा सुगंध खोलीभर पसरला होता. बर्फावर ओतल्यावर तो सुगंध कुठे गेला कोणास ठाऊक, उरले ते पाणचट आणि तरीही तुरट असे काहीतरी.

गढूळपणाचा दोष चहाचा, पाण्याचा की माझ्या कृतीचा? थंड पिण्यासाठी कोणत्या जातीचे आणि कोणत्या प्रतीचे चहा योग्य ठरतात, आणि त्यासाठी भारी चहाच हवा का? चहा गरम पाण्यात करून गार करणे बरे की पाने थंड पाण्यातच भिजत घालणे बरे? ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडतील. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमचा संशय बरोबर आहे, आणि चहा गरम करून पाहण्याची जी युक्ती तुम्ही केलीत तिच्यातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पान कुटून, आंबवून काळा चहा तयार होताना त्यात थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्ये निर्माण होतात. चहाला रंग, तरतरी आणि तुरटपणा मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. चहा गरम असेपर्यंत ती पाण्यात विरघळलेली राहतात. तो निवला की ती कॅफिनशी जोडली जाऊन त्यांचे बारीक कण बनतात आणि पाणी गढूळ दिसते. हे बंध कमकुवत असल्याने थोडी उष्णता मिळताच सुटतात, म्हणूनच तुमचा चहा पातेल्यात निवळला. कापडाने गाळून उपयोग नव्हता, कारण ते कण भुकटीचे नव्हतेच.

चहाच्या व्यवसायात याला ‘क्रीमिंग’ म्हणतात. गंमत अशी की गरम चहाची पारख करणारे जाणकार निवलेल्या कपावर येणारी ही साय कसदार चहाची खूण मानत आले आहेत. म्हणजे तुमचा आसाम वाईट नव्हता, उलट चांगलाच होता. त्याला फक्त चुकीच्या कामाला जुंपले गेले. आसामच्या चहात ही द्रव्ये भरपूर असतात, आणि सीटीसी पद्धतीत पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे केले जातात ते झटपट आणि दाट अर्क उतरावा म्हणूनच. दुधापुढे टिकायला तो दाटपणा लागतो. बर्फाच्या पेल्यात दूध नसते, त्यामुळे त्या दाटपणाला झाकणारेही काही उरत नाही. त्यात तुम्ही तो उकळलात. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियममुळे गढूळपणा आणखी वाढतो, तेव्हा गाळलेले मऊ पाणी वापरून पाहाच. परंतु मूळ प्रश्न चहाचाच आहे.

आता निवडीकडे वळू. काळाच चहा हवा असेल तर ऑर्थोडॉक्स पद्धतीने केलेला, म्हणजे पान न चिरडता वळून तयार केलेला, शक्यतो अखंड पानांचा चहा घ्यावा. त्यातही माझी पहिली पसंती निलगिरीला आहे. हा चहा थंड झाल्यावर फारसा गढुळत नाही, त्याचा रंग उजळ राहतो, सुगंध फुलांकडे झुकणारा असतो आणि तुरटपणा जिभेला जाणवला तरी टोचत नाही. त्याच्या खालोखाल श्रीलंकेतील उंचावरचे चहा, म्हणजे दिंबुला आणि नुवारा एलिया. ‘सिलोन’ एवढेच लिहिलेले पाकीट मात्र डोळे झाकून घेऊ नये, कारण त्याच देशातील सखल भागांतील चहा गडद आणि जोरकस असतात. साखर मुळीच नको असेल तर चीनच्या आन्हुई प्रांतातील कीमुन पाहावा. त्यात कोकोची आठवण करून देणारा अंगचा गोडवा असतो. पाकीटबंद आइस्ड टी ज्यावर चालतो त्यात अर्जेंटिनाच्या चहाचा वाटा मोठा आहे. अमेरिका तेथून भरपूर चहा घेते ते त्याच्या चवीवर लुब्ध होऊन नव्हे, तर तो थंड झाल्यावरही स्वच्छ राहतो म्हणून. सुटा मिळाला तर वाईट नाही, पण मुद्दाम शोधत फिरण्यासारखाही नाही.

प्रमाणाचे म्हणाल तर गरम चहाला 200 मिलिलिटरला साधारण 2 ग्रॅम पाने लागतात, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. बर्फावर ओतायचा असेल तर तीच 10 ग्रॅम पाने अर्धा लिटर पाण्यात, साधारण 95 अंश सेल्सिअसला, चार मिनिटे मुरू द्यावीत आणि गाळून लगेच अर्धा किलो बर्फावर ओतावे. पाने दुप्पट करायची, वेळ नाही. बहुतेकांची चूक येथे होते. चहा फिका झाला म्हणून तो दहा मिनिटे मुरवला तर रंग येतो, पण त्याबरोबर नको तेवढा तुरटपणाही येतो. तुमचा दार्जिलिंग पाणचट लागला तो बहुधा नेहमीच्या प्रमाणात करून बर्फावर ओतल्यामुळे.

एवढे करूनही एखादा चहा गढुळला तर त्यात थोडे उकळते पाणी ओतावे, बहुतेक वेळा तो निवळतो. लिंबू पिळल्यावर रंग एकदम फिका पडला तर घाबरू नका. ती आम्लामुळे रंगद्रव्यात होणारी साधी प्रक्रिया आहे, चहा बिघडल्याचे लक्षण नव्हे.

प्रतिसाद २

वरचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात गरम पाणी गृहीत धरले आहे, आणि माझे मत असे की घरी करायच्या आइस्ड टीत गरम पाण्याचे काम फार थोडे आहे. पाने थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली की कॅटेचिन आणि कॅफिन ही कडूतुरट द्रव्ये सावकाश आणि कमी उतरतात, तर चहाला गोडसर, रसाळ चव देणारे थिआनिन हे अमिनो आम्ल त्या मानाने सहज उतरते. त्यामुळे तीच पाने वेगळीच लागतात. दार्जिलिंग टाकून देऊ नका. लिटरभर थंड पाण्यात 8 ते 10 ग्रॅम पाने घालून आठ-दहा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग सांगा. फर्स्ट फ्लशचा जो सुगंध बर्फावर हरवला, तो येथे बऱ्याच अंशी हाती लागतो, शिवाय चहा आधीच थंड असल्यामुळे बर्फ घालून तो पातळ करावा लागत नाही.

ग्रीन टीच्या बाबतीत तर मी थंड पाण्याशिवाय दुसरे काही सुचवणारच नाही. गरम करायचाच असेल तर पाणी 70 ते 80 अंशांपुढे नको आणि वेळ दोन मिनिटे. उकळते पाणी आणि पाच मिनिटे ही त्या पानांना दिलेली शिक्षाच होती. जपानमध्ये सेंचा हा तिथला ग्रीन टी थंड पाण्यात भिजवण्याची रीतच आहे, तिला ‘मिझुदाशी’ म्हणतात. चार-पाच तास पुरतात. पाने फार वेळ वाफवलेली असतील तर ती चुरतात आणि पेला हिरवट गढूळ दिसतो, पण तो पानांचा बारीक चुरा असतो. आधीच्या प्रतिसादातील गढूळपणाशी त्याचा संबंध नाही आणि चवीला तो उलट दाटपणा देतो. गोळीसारख्या वळलेल्या ऊलाँगला, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चहाला, उमलायला वेळ लागतो, त्याला रात्रभर द्या. पांढरा चहाही असाच सावकाश उतरतो, आणि त्याची पाने फुलारलेली असतात म्हणून चमच्याने न मोजता वजन करून घ्यावीत.

अर्ल ग्रे आणि मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला जॅस्मिन चहा, या दोघांची शिफारस वेगळ्या कारणासाठी करतो. थंडीमुळे वास आणि गोडी दोन्ही दबतात. ज्याचा वास मुळातच ठसठशीत आहे तो चहा या परीक्षेत तरतो. अट एकच, अर्ल ग्रेला वास देणारे बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल बेताने लावलेले असावे, नाहीतर पेल्यातून साबणाचा वास येतो. धुराचा वास दिलेला लाप्सांग सूशाँग मात्र मी एकदाच थंड करून प्यायलो आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

थंडीने सुगंधाचे बारकावे पुसले जात असल्यामुळे अतिउंची चहाची गरज नाही. मध्यम प्रतीची, पण ताजी आणि अखंड पाने पुरेशी आहेत. जाता जाता एक अवांतर. आइस्ड टीचा शोध 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडन यांनी लावला असे सर्रास सांगितले जाते. ते तेथे भारतीय काळ्या चहाचा प्रचार करत होते आणि त्यांच्यामुळे थंड चहाला प्रसिद्धी मिळाली हे खरे, परंतु थंड चहाच्या कृती अमेरिकेत 1870 च्या दशकातच छापल्या गेल्या होत्या, आणि तेव्हा त्यासाठी ग्रीन टीसुद्धा वापरला जात असे. म्हणजे तुमचा दुसरा प्रयोग परंपरेला धरून होता, फक्त पाणी तेवढे नडले.

प्रतिसाद ३

थोडे सावधगिरीचे. बरणी उन्हात ठेवून ‘सन टी’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. उन्हाने पाणी कोमट ते गरम होते, जंतू मरण्याइतके तापत नाही, आणि ते तासन्‌तास त्याच तापमानाला राहते. थंड पाण्यात भिजवायचे ते फ्रिजमध्येच, धुऊन कोरड्या केलेल्या झाकणाच्या बरणीत, आणि पाने काढल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावे. रोझेल (लाल अंबाडी), कॅमोमाइल, पुदिना यांसारख्या वनस्पती चहाच्या पानांप्रमाणे कारखान्यात तापवून निघालेल्या असतीलच असे नाही, त्यामुळे त्यांवर आधी उकळते पाणी ओतून मगच ते गार करावे. रात्री प्यायला कॅफिन नको असेल तर रोझेल उत्तम. त्याचा लालभडक रंग आणि आंबटपणा थंडीतही मुळीच दबत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

निलगिरीची अखंड पाने प्रतिसाद १ मधील प्रमाणाने केली. पेला भरून वर्तमानपत्रासमोर धरला तर पलीकडचा मथळा वाचता आला, आणि उरलेला चहा फ्रिजमध्ये एक रात्र राहूनही तसाच राहिला. कुतूहल म्हणून तेच पाणी आणि तेच प्रमाण ठेवून आसामची सीटीसी शेजारी केली. ती तासाभरातच धुरकटली. त्यामुळे दोष पाण्याचा नव्हता, एवढे माझ्यापुरते सिद्ध झाले. दार्जिलिंग नऊ तास भिजवला तेव्हा जो लागला तो मी गरमसुद्धा कधी प्यायले नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. पुढच्या खेपेस बरणी विसरले आणि सोळा तास झाले. कडू नाही झाला, मात्र ओल्या लाकडासारखा एक जडसर वास आला. ग्रीन टी साडेचार तासांवर काढला आणि घरात तोच सर्वांत आधी संपला.

एक शेवटची अडचण. घरातील दोघांना साखर लागते आणि थंड चहात ती कितीही ढवळली तरी तळाशीच बसते. गरम असतानाच घालावी, तर थंड पाण्यात भिजवलेल्या चहाचे काय करायचे?

प्रतिसाद २ कडून

साखर आणि पाणी समान मापाने घेऊन साखर विरघळेपर्यंतच तापवावे, तार येऊ देऊ नये. हा पातळ पाक गार करून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि ज्याला हवा त्याच्या पेल्यात घाला, बरणीत नको. दोन चमच्यांपासून सुरुवात करा. थंड पेयात गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम चहाच्या सवयीने अंदाज घेतला तर तो चुकतो. निलगिरीत हा पाक चांगला मिसळतो. सेंचात मात्र घालू नका, आणि घालणारच असाल तर निदान मला सांगू नका.